घर कुठे लावायचं

आमचं घर रोज संध्याकाळी लावावं लागे. घर म्हणजे ट्रॅक्टरची एक जुनी ट्रॉली. माझ्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, तिच्यावर पत्र्याची खोली उभी केली होती. पुढच्या अर्ध्या भागात मी, माय आणि अण्णा राहायचो आणि मागच्या अर्ध्या भागात मिरची कांडायचा डंक राहायचा. जागा दोघांना सारखीच होती, पण खिडकी डंकाच्या बाजूला होती. ट्रॅक्टर रस्त्यावर ट्रॉली ओढायचा आणि मुक्कामाला पोहोचलो की त्याच्याच चाकावर पट्टा चढवून अण्णा डंक चालवायचे. मग चार लोखंडी मुसळं उखळांत धाड-धाड पडू लागत. या आवाजात मी लहानाची मोठी झाले. तो आवाज बंद झाला की मला कानात काहीतरी बिघडलंय असं वाटायचं. त्या आवाजात कुणी माझ्याशी बोलत नसे आणि मलाही कुणाशी बोलावं लागत नसे. मी पहिल्यापासून बुजरी आहे, त्यामुळे मला हा धंदा त्या बाजूने बरा पडला.

पावसाळाभर आम्ही लासलगावकडे काकांच्या घरी असायचो. माझी चौथीपर्यंतची शाळा अशी चार पावसाळ्यांत झाली. पाचवीची शाळा दुसऱ्या गावी होती आणि तिथे वर्षभर हजेरी लागायची, म्हणून ते राहिलं. दिवाळी झाली की अण्णा ट्रॅक्टरला तेलपाणी करत आणि आम्ही सटाणा, नामपूर, मालेगाव अशा बाजूला निघायचो. त्या भागात बायका वर्षाचं तिखट एकदमच करून ठेवतात. गावात आलो हे आम्हाला ओरडून सांगावं लागत नसे. डंक सुरू केला की वाऱ्याच्या बाजूची पहिली आळी शिंकायची, मग दुसरी, आणि थोड्याच वेळात बायका डोक्यावर मिरच्यांची पोती घेऊन यायच्या. आम्हाला स्वतःला मात्र शिंक येत नसे. नाकं कधीच मेली होती. मी शेवटची कधी शिंकले हे मायलाही आठवत नव्हतं, आणि अण्णा तर शिंकणाऱ्या माणसाकडे जरा दयेनेच बघायचे. घरातलं जेवण बिनतिखटाचं असे. दिवसभर मिरची अंगाखांद्यावर असली की ती ताटातही बघवत नाही. बाजरीची भाकरी, दूध, गूळ, आणि मिरचीचं नाव नसलेलं पिवळं वरण. कुणी पाहुणा आला तर बिचारा गप्प बसून खायचा.

खरी अडचण मुक्कामाच्या जागेची. आमचं तिखट सगळ्यांना हवं असायचं, पण आम्ही कुणालाच शेजारी नको असायचो. गावात शिरायच्या आधी अण्णा ट्रॅक्टर थांबवून मूठभर माती वर उधळत आणि वारा कुठून कुठे जातो ते बघत. जागा सपाट हवी, पाणी हवं, ट्रॅक्टर वळला पाहिजे, आणि वारा गावाकडून आमच्याकडे आला पाहिजे. एकदा ही शेवटची अट विसरून आम्ही मारुतीच्या पारापाशी थांबलो होतो. त्या संध्याकाळी तिथे कीर्तन होतं. बुवांनी पहिला अभंग चार वेळा सुरू केला आणि नंतर प्रसाद वाटून टाकला. शाळेच्या मैदानात मास्तर थांबू देत नसत. मळ्यात थांबावं तर तिखटाच्या वासाने म्हशी दूध चोरत. अशी एकेक जागा वजा करत करत अण्णांना शेवटी एक जागा सापडली, आणि ती जवळजवळ प्रत्येक गावात होती. गावाबाहेर, नदीच्या किंवा ओढ्याच्या काठी, वर पत्रा, खाली सिमेंटचा ओटा, जवळ पाणी, चार झाडं, आणि संध्याकाळनंतर कुणी फिरकत नाही. स्मशानाची शेड.

माय पहिल्यांदा दोन दिवस अण्णांशी बोलली नाही. अण्णांचं म्हणणं सरळ होतं. "लोक भूत उतरवायला काय वापरतात? मिरची. दृष्ट काढायला काय जाळतात? मिरची. आपल्याकडं दीड पोतं हाय. कोणतं भूत येतंय ते बघू." नंतर तीही सरावली. पाणी चांगलं असायचं आणि धुणं वाळत घालायला जागा भरपूर.

परवा माझ्या नातवाने झोपायची गाडी भाड्याने आणली होती. मोटारीच्या मागे जोडलेली पांढरी खोली, आत पलंग, फ्रिज, शेगडी. मला खास बोलावून आत बसवलं. नाशिकबाहेर पडल्यावर रात्री थांबायचं कुठे म्हणून सगळे फोनमध्ये बघत होते. एका द्राक्षाच्या मळ्यात थांबायला मिळत होतं, पण आधी कळवलेलं नव्हतं. नातसून म्हणाली, "आजी, तुम्हाला हे सगळं नवीनच असेल." मी हो म्हटलं. सुरुवात कुठून करायची हे कळत नव्हतं.

तर माझ्या लग्नाचं. मला न हलणारं घर हवं होतं. बाकी काही मागणं नव्हतं. सकाळी उठून दार उघडलं की कालचंच झाड दिसावं, एवढंच. पण हे बोलून दाखवायची माझी प्राज्ञा नव्हती आणि बोलले असते तर अण्णांना वाईट वाटलं असतं. त्या हंगामाच्या आधी दोन ठिकाणची माणसं मला बघून गेली होती. दोघांनीही आधी ट्रॉली बघितली, मग मला बघितलं, आणि "कळवतो" म्हणून गेले ते गेलेच. दुसऱ्यांच्या वेळी तर त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्याने चाकाला काठी टेकवून विचारलं होतं, "लग्नानंतर माहेरपणाला पोरीनं कोणत्या गावाला जायचं?" प्रश्न बरोबर होता.

तिसरं स्थळ मालेगावच्या बबनमामाने आणलं. हा मायचा धाकटा भाऊ. मुलगा नामपूरच्या कांदा बाजारात मापाडी होता, म्हणजे आलेला कांदा वजन करून देणारा. घरी आई आणि एक आत्या. घर मातीचं पण स्वतःचं. मामा सांगून थांबला आणि मग हळूच म्हणाला, "फक्त एक हाय. मुलाची आई म्हणते, मुलगी तिच्या घरी बघणार. चूल बघितल्याशिवाय मुलगी कळत नाही म्हणते."

"मग तू काय सांगितलंस?" मायने विचारलं.

"घर रस्त्याला लागूनच हाय म्हणालो. खोटं बोललो का?"

अण्णांनी विचार केला आणि म्हणाले, "घर नामपूरच्या अलीकडं लावू. त्यांनाबी लांब पडायला नको." मामाने येण्याचा दिवस पक्का केला आणि एका गावाचं नाव सांगून आला. ते नाव मी लिहीत नाही, तिथली माणसं अजून आहेत.

आदल्या दिवशी दुपारीच आम्ही त्या गावात पोहोचलो. मायने बजावलं होतं, या वेळी तसली जागा नको, चारचौघांसारखी जागा हवी. अण्णांनी मान्य केलं. पाटलांच्या घरामागे मोकळं खळं होतं. पाटील म्हणाले, "मिरची ना? घरात बाळंतीण हाय." शाळेत मास्तरांनी लांबूनच हात हलवला. सोसायटीच्या गोडाऊनपुढे जागा होती, पण तिथला माणूस म्हणाला, "मागच्या साली तुमच्यासारखा एक आला होता. माझं नाक अजून वाहतंय." अण्णांनी डंक चालवणार नाही, फक्त मुक्काम करणार, असं शपथेवर सांगितलं. कुणी विश्वास ठेवला नाही. मुक्कामाला आलेली मिरची गप्प बसत नाही हे त्या भागात सर्वांना माहीत होतं. ऊन कलायला लागलं. अण्णांनी ट्रॅक्टर ओढ्याकडे वळवला. मायने पदर तोंडाला लावला.

पण खरं सांगायचं तर इतकी सुंदर जागा आम्हाला तोवर मिळाली नव्हती. शेड नवी कोरी होती. पत्र्याला हिरवा रंग, ओट्याला गुळगुळीत सिमेंट, बसायला बाक, कण्हेरीची फुललेली झाडं, आणि चक्क नळ. अण्णा ओट्यावरून हात फिरवत म्हणाले, "नव्या नवरीसारखं बांधलंय." माय म्हणाली, "जीभ आवरा." वर कमानीला 'वैकुंठधाम' अशी पाटी होती. तिच्यावर मायने माझी गोधडी वाळत घातली. शेडच्या मधोमध सरण रचायची लोखंडी चौकट होती. तिच्यावर फळी, फळीवर सतरंजी, आणि वर मायच्या लग्नातली चादर. अण्णा लांब जाऊन बघून आले आणि म्हणाले, "बंगला दिसतोय." मायला एकच भीती होती. ती अण्णांनी लगेच दूर केली. "एवढंसं गाव. रोज कोण मरतंय?"

दुसऱ्या दिवशी पाहुणे टेम्पोतून आले. पुढे बबनमामा, मागे मुलगा, त्याची आई आणि आत्या. मामाने शेड बघितली, पाटीवरची गोधडी बघितली, आणि त्याचा चेहरा कांद्यासारखा सोलून निघाला. पण पाहुण्यांना काही कळलं नाही. मुलाची आई उंच, कपाळावर मोठं कुंकू, आवाज बाजारातला. त्यांनी आधी नळ सोडून बघितला, मग ओटा बघितला, आणि म्हणाल्या, "ओटा चांगला शे. आमच्यात इतका मोठा ओटा नाही." त्यांच्याकडे 'आहे'ला 'शे' म्हणतात. आत्या जाड होत्या. त्या थेट जाऊन त्या चौकटीवर बसल्या आणि मांडी घालून म्हणाल्या, "पलंग मात्र आखूड शे." अण्णा म्हणाले, "पुरतो." मायने मामाकडे बघितलं आणि मामाने ओढ्याकडे.

मी पोहे घेऊन गेले. आत्यांनी एक घास खाल्ला आणि वर बघितलं. "मिरचीवाल्यांच्या घरी पोह्यात मिरची नाही?" मायने कपाळावर हात मारला. सवयीने राहूनच गेली होती. अण्णा म्हणाले, "हलवायाचं पोर जिलबी खातं का?" मुलाच्या आई हसल्या. मला बरं वाटलं, पण मी वर बघितलं नाही. मग त्यांनी नाव विचारलं, शिक्षण विचारलं, भाकरी थापता येते का विचारलं. मी तिन्ही वेळा मान हलवली. नावालासुद्धा मानच हलवली. मायने नाव सांगितलं. मुलगा ट्रॉलीकडे बघत होता. मला वाटलं, हाही ट्रॉलीच बघतोय, म्हणजे झालं.

आणि तेव्हाच गावाच्या बाजूने टाळ ऐकू आले.

आम्ही तिघांनी ते एकाच वेळी ओळखलं. इतक्या शेडमध्ये राहून कोणता टाळ कशाचा हे कळायला लागतं. मुलाच्या आई म्हणाल्या, "दिंडी शे का काही?" अण्णा उभे राहिले. त्यांनी टोपी नीट केली आणि म्हणाले, "वहिनी, आत्याबाई, जरा उठावं लागेल. घराचे मालक आले."

मग सगळं एकदमच उघड झालं. माणसं तिरडी घेऊन वळणावर आली. मायने चादर ओढली, सतरंजी ओढली, फळी काढली. आत्यांनी आपण कशावर बसलो होतो ते बघितलं आणि "अगं माय वं!" म्हणून ज्या उडाल्या त्या थेट कण्हेरीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. मी पाटीवरची गोधडी काढली. गेलेली बाई गावातली एक म्हातारी होती. पहाटे वारली होती. सगळा गाव तिला वचकून असायचा असं नंतर कळलं. ट्रॉली नेमकी वाटेत होती. तिरडी आत नेता येईना. अण्णांनी ट्रॅक्टरचं हँडल मारलं. ट्रॅक्टर चालू होईना. पुन्हा मारलं. होईना. अण्णांच्या कपाळावर मी पहिल्यांदाच घाम बघितला. शेवटी ट्रॅक्टरला ट्रॉली जोडणारी खीळ काढली आणि तो नुसता पुढे ढकलून दिला. आता ट्रॉली हाताने हलवायची होती.

गावचे सातआठ गडी पुढे आले. बबनमामाने खांदा लावला. मुलानेही बाह्या वर केल्या आणि चाकाला हात घातला. कुणीतरी "हां, जोर!" म्हणणार, एवढ्यात तो थांबला. मान वळवून त्याने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "आत चुलीवर काही आहे का?"

चुलीवर दूध होतं. पाहुण्यांच्या दुसऱ्या चहाचं. मी आत गेले, पातेलं उतरवलं, ते मांडीत धरून खाली बसले आणि मग घर हललं. आमचं घर किती वेळा हललं असेल, किती गावच्या किती माणसांनी ते ढकललं असेल. आत काही शिजतंय का हे तोवर कुणी विचारलं नव्हतं. अण्णांनीसुद्धा नाही. मी त्या पातेल्याकडे बघत बसले. साय हलत होती, पण दूध सांडलं नाही. घर थांबल्यावर त्याने उघड्या दारातून एकदा पातेल्याकडे बघितलं.

ट्रॉली ढकलून ओढ्याच्या कडेला लावली. त्या गावात बायका ओढ्यापर्यंतच येत, पुढे फक्त पुरुष जात. त्यामुळे बायका बरोबर आमच्या डंकाशेजारी उभ्या राहिल्या. म्हातारीच्या तीन सुना पुढे होत्या. तिघी कोरड्या डोळ्यांनी, पदर नीट घेऊन, तिखटाचा भाव विचारायला आल्यासारख्या उभ्या. ढकलाढकलीत मागचा पत्रा उघडा पडला होता आणि वारा फिरला होता. आधी थोरलीने डोळ्याला पदर लावला. मग मधलीने हुंदका दिला. मग धाकटी ओक्साबोक्शी सुरू झाली. बाकीच्या बायका लागल्या. नाक, डोळे, सगळं वाहत होतं. कुणाला थांबता येईना. शेडमध्ये पुरुष चकित होऊन बघत होते. सासूसाठी सुना इतक्या रडल्या हे त्या गावाने तोवर पाहिलेलं नव्हतं. म्हातारीचा थोरला मुलगा, चांगला पिकल्या मिशांचा माणूस, ते बघून स्वतः रडू लागला. सगळं उरकल्यावर तो अण्णांपुढे हात जोडून उभा राहिला. "आमच्या आईचं तुमच्यामुळं चांगलं झालं. कुठं थांबायचं असंल तर माझं खळं हाय, कधीबी या."

अण्णा म्हणाले, "काल दुपारी हवं होतं."

लोक गेले. पाहुण्यांनी नळावर हातपाय धुतले. अंगावर ओले पदर घेऊन दोघी बायका ट्रॉलीच्या सावलीत बसल्या. आता ते उठून जातील असं मी धरूनच चालले होते. मी आत, पत्र्याच्या दाराआड उभी होते. दाराला फट होती. आत्या म्हणाल्या, "वहिनी, चला. स्मशानात पोर बघायला आणली. मला सरणावर बसवली. आणखी काय पाहिजे?"

मुलाच्या आईंनी ओला पदर पिळला. मग म्हणाल्या, "जागा वाईट शे, खरं शे. पण कामाला निघालं आणि मढं समोरून आलं तर काम होतं. माझी सासू सांगायची. मग हे काय समजायचं?"

"मढं समोरून नाही आलं. आपण त्याच्या घरात बसलो होतो."

"आलं तर समोरूनच ना?"

हा वाद बराच वेळ चालला. वाईट शकुन किती आणि चांगले किती याची मोजणी होत होती. मामा मधूनमधून चांगल्या बाजूला भर घालत होता. मुलगा पाठ करून ओढ्याकडे बघत उभा होता. त्याचा सदरा खांद्यावर फाटला होता, ट्रॉली ढकलताना. शेवटी त्याच्या आईने त्याला विचारलं, "तुझं काय?" तो वळला नाही. म्हणाला, "दूध सांडलं नाही तिनं." आत्या म्हणाल्या, "याला काय झालं?" पण त्याच्या आईने मान डोलावली. त्या उठल्या, पदर सावरला, अण्णांकडे तोंड केलं आणि म्हणाल्या, "भाऊ, पोर चांगली शे. आमच्याकडून..."

आणि त्या शिंकल्या.

एकच शिंक. मोठी, स्वच्छ. ओढ्यापलीकडचे बगळे उडाले. मामाने डोळे मिटले. आत्यांनी दोन्ही हात वर केले. "झालं! होकाराच्या तोंडावर शिंक. आता देवानंच सांगितलं." मुलाच्या आई उभ्याच राहिल्या, तोंड उघडं, पुढचा शब्द जिभेवर. त्या शब्द गिळायला लागल्या हे मला फटीतून दिसत होतं. शिंकेबद्दल मला तेवढंच माहीत होतं जेवढं गावोगावच्या बायका आमच्या डंकापुढे बसून बोलायच्या. एक शिंक नाट लावते, पाठोपाठ दुसरी आली तर नाट निघते. दुसरी लगेच यावी लागते. तेवढ्यात मामाचं नाक काही कामाला येईना, तो ओढून-ओढून बघत होता. माय आणि अण्णा तर आमच्यासारखेच, मेल्या नाकाचे.

मी दाराआड शिंकले.

पहिल्याच प्रयत्नाला चांगली झाली. थोडी मोठी झाली असेल. पत्र्याची खोली असल्याने ती दोनदा ऐकू आली. मुलाच्या आई वळल्या, दाराकडे बघितलं, आणि त्यांचा चेहरा मोकळा झाला. "दुसरी आली," त्या आत्यांना म्हणाल्या, "आणि कुणाची आली बघ." मग अण्णांना म्हणाल्या, "आमच्याकडून पसंत शे." आत्यांनी वर केलेले हात खाली घेतले आणि चहाचं काय झालं ते विचारलं. दूध होतंच.

पाहुणे गेल्यावर अण्णा बराच वेळ ट्रॅक्टरपाशी होते. त्यांनी हँडल मारलं तर ट्रॅक्टर लगेच चालू झाला. त्यांनी तो बंद केला, खाली उतरले, आणि पट्ट्याची घडी घालत बसले, ती त्यांनी दोनदा उलगडून पुन्हा घातली. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. माय नळावर कपबशा विसळत होती. मी जाऊन तिच्याशेजारी बसले आणि एक बशी हातात घेतली.

"सर्दी झाली का गं?" मायने विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे बघितलं. मग माझ्या हातातली बशी घेतली, धुतली, पालथी घातली.

"मग ठीक आहे," ती म्हणाली.